बोरूची लिपी आणि छापखान्याची लिपी

कोल्हापुरातील एखाद्या जुन्या वाड्याचे माळवद उतरविताना, किंवा भावाभावांच्या वाटणीच्या वेळी माजघरातील पेटी उघडताना, पुष्कळदा तांबड्या कापडात बांधलेला एक रुमाल हाती लागतो. रुमाल म्हणजे येथे खिशातला नव्हे. जुन्या काळी दप्तरातील कागद ज्या चौकोनी फडक्यात बांधून ठेवीत, तो. गाठ सोडली की आत लांबट घड्यांचे जाड कागद निघतात. शाई अजून काळीभोर असते. घरातील पदवीधर मुलगा त्यातील एक कागद उजेडाकडे धरतो, उलटा करतो, पुन्हा सुलटा करतो आणि मुकाट्याने परत घडी घालतो. त्या कागदावरची भाषा मराठी आहे. तो लिहिणारा किंवा लिहवून घेणारा त्या मुलाचाच खापरपणजा आहे. इंग्रजी, हिंदी आणि सीमेवरचा असेल तर थोडीबहुत कानडीही वाचणाऱ्या ह्या मुलाला आपल्या घरातले मराठी मात्र वाचता येत नाही.

ही अवस्था कशी ओढवली, हे समजण्यासाठी लिपी म्हणजे काय ह्यापासूनच आरंभ करावा लागतो. भाषा आणि लिपी एकच, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. ‘मराठी लिपी’, ‘हिंदी लिपी’ असे शब्द सर्रास ऐकू येतात. वस्तुतः भाषा हे शरीर आणि लिपी हा पोशाख. एकच भाषा अनेक पोशाख घालू शकते. मराठीनेच ते घातलेले आहेत. गोव्यात फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते रोमन अक्षरांत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवले. त्यांची किल्ली पंथाबाहेरच्या लोकांस, म्हणजे राजवाडे, भावे आदी संशोधकांस, विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिळाली, तेव्हा यादवकालीन मराठीचे एक मोठे दालन उघडले. उलट, एकाच लिपीत अनेक भाषा सुखाने नांदतात. कोल्हापूर आणि त्याच्या आसपासचे शिलाहार राजांचे शिलालेख पाहावेत. काही नागरी लिपीत आहेत, काही कन्नड लिपीत. आणि लिपी कन्नड असली म्हणून लेखाची भाषा कन्नडच असेल असे नाही, ती संस्कृतही असते. बाराव्या शतकातील कोल्हापूरकरास ह्यात काही विपरीत वाटत नसावे. लिपीवरून भांडण्याची हौस अलीकडची आहे.

ह्या सर्व भारतीय लिप्यांची आई ब्राह्मी. तिचा एक जुना नमुना खुद्द कोल्हापुरात सापडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे एका प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे पडले. त्यांत अस्थी ठेवण्याची पेटी होती आणि तिच्यावर ब्राह्मी अक्षरांत दोन व्यक्तींची नावे कोरलेली होती: दान ब्रह्माचे, करविले धर्मगुप्ताने. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ह्या गावात लिहिणारा होता आणि आपले लिहिणे कोणी तरी वाचील असा त्याला भरवसा होता, एवढे त्या चार शब्दांवरून निश्चित कळते.

ब्राह्मीची खरी थोरवी अक्षरांच्या आकारात नाही, त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वर्णमालेत आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या बावीस अक्षरांपासून ग्रीक लिपी निघाली, ग्रीक लिपीतून रोमन. त्या मालिकेत ‘आलेफ’ म्हणजे बैल, ‘बेथ’ म्हणजे घर. बैलामागून घर का यावे, ह्याला उच्चाराच्या दृष्टीने काही कारण नाही. फिनिशियन लिपीत केवळ व्यंजने होती. ग्रीकांनी आपल्या तोंडी न येणाऱ्या काही व्यंजनांची चिन्हे स्वरांना देऊन टाकली, आणि त्या काटकसरीतून युरोपची सारी अक्षरे जन्मली. भारतीय वर्णमाला मात्र कंठापासून निघते, तालू, मूर्धा आणि दात ह्यांवरून येऊन ओठांशी थांबते. क पासून म पर्यंतची पंचवीस अक्षरे म्हणजे मुखाचा नकाशाच आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोट फिरवीत ‘ओनामासी’ म्हणणाऱ्या पोराला हे ठाऊक नसे. पण ‘ॐ नमः सिद्धम्’ ह्या मंगलवचनाचे ते बोबडे रूप मराठीत ‘आरंभ’ ह्या अर्थी शब्द होऊन बसले, इतका हा संस्कार खोल गेला होता.

आणि तरीही ब्राह्मी विसरली गेली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले. त्यांवर काय लिहिले आहे ते सांगणारा एकही पंडित त्याला मिळाला नाही. तिची मुले, नातवंडे घरोघर नांदत होती. आईचा चेहरा मात्र कोणाला ओळखता येईना. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती अक्षरे पुन्हा बोलकी केली. मधली शतके ती दगडावर ठळठळीत उभी असून मुकी होती. अक्षर म्हणजे जे क्षय पावत नाही ते, ही व्युत्पत्ती मोठी सुंदर आहे. परंतु वाचणारा नाहीसा झाला की न झिजलेल्या अक्षराचाही उपयोग दगडावरच्या ओरखड्याइतकाच राहतो.

आता रुमालातल्या कागदांकडे वळावे. त्यांची लिपी मोडी. महाराष्ट्रात कित्येक शतके दोन लिप्या शेजारी शेजारी चालत आल्या. पोथी, स्तोत्र, शिलालेख ह्यांसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी. हिशेब, पत्र, सनद, निवाडा ह्यांसाठी मोडी. जगाच्या इतिहासात अशी जोडी नवी नव्हे. प्राचीन मिसर देशात मंदिराच्या भिंतीवर चित्रलिपी कोरीत आणि कारकून लोक तिचेच धावते रूप पपायरसवर लिहीत; १७९९ साली सापडलेल्या प्रसिद्ध रोझेटा शिळेवर ग्रीकच्या जोडीला चित्रलिपी आणि असे धावते रूप, दोन्ही आहेत. देवासमोर सावकाश लिहावयाचे आणि दिवाणापुढे भराभर, हा भेद नाईलच्या काठीही होता आणि पंचगंगेच्या काठीही होता.

मोडीची उत्पत्ती परंपरा हेमाद्री ऊर्फ हेमाडपंताकडे नेते. हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री. त्याने ती लंकेहून आणली, अशीही एक कथा आहे. पण मोडीची अक्षरे निरखून पाहिली तर तिच्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज दिसत नाही. घाईने, हात न उचलता लिहिलेल्या नागरीचेच ते वळण आहे. शिवकालात बाळाजी आवजी चिटणीसांनी ह्या लिपीला डौल दिला असे मानतात, आणि पेशवाईत तिची ठेवण सर्वांत रेखीव झाली.

तिची रचना मोठी युक्तीची आहे. लेखक कोरा कागद पुढे घेऊन प्रथम डावीकडून उजवीकडे आडव्या रेघा ओढून टाकी. बाळबोधीत अक्षर आधी आणि शिरोरेघ मागून; मोडीत रेघ आधी, आणि तिला अक्षरे टांगावयाची. मग एकदा बोरू टेकला की शक्य तितका वेळ तो उचलावयाचा नाही. त्यासाठी काना खालून वर वळवून रेघेपर्यंत नेला, म्हणजे तेथून पुढचे अक्षर सुरू करता येते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळावयाचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडावयाची नाही. विरामचिन्हे तर नाहीतच. ओळ संपली की शब्द असेल तेथे तुटतो आणि दुसऱ्या ओळीवर पुढे चालतो. वेगाच्या पायी वाचणाऱ्यावर सगळा भार टाकलेला. अर्थात त्या काळच्या वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे, कारण मजकुराचा साचा त्याला पाठ होता. मायना कसा, शेवट कसा, ‘राजश्री’चा संक्षेप कोणता, हे ठरलेले. अडचण आजच्या माणसाची होते. अक्षरे ओळखू लागली तरी पुढे फारसी शब्दांची रांग उभी असते, आणि त्यामागे सुहूर सनाचे अरबी आकडे: इसन्ने, सलास, अर्बा. दोन, तीन आणि चार एवढाच त्यांचा अर्थ. पण तो कळेपर्यंत कागदाचे वर्ष हाती लागत नाही.

अशी लिपी लिहिणारांचा एक वर्गच होतो, आणि जो लिहितो त्याच्या हाती गाव येतो. येथे लिपीचा प्रश्न अक्षरशास्त्राचा राहत नाही. गावचा कुलकर्णी जमाखर्च लिही, शेताची हद्द लिही, कोणाकडे किती येणे ते लिही. पाटलापासून बलुतेदारापर्यंत बाकीच्यांनी त्याखाली निशाणी करावयाची. जुन्या महजरांवर ह्या निशाण्या पाहावयास मिळतात. कुणब्याचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. चित्रे सुबक असतात, आणि त्यांचे कौतुक करणारे अभ्यासकही आहेत. पण नांगर काढणाऱ्याला वरचा मजकूर वाचता येत नव्हता, ही गोष्ट त्या कौतुकात विसरली जाते. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार ह्याच अविश्वासातून टिकला असावा. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, त्यापूर्वी रघुनाथरावाच्या चिठ्ठीतील ‘धरावे’चे आनंदीबाईने ‘मारावे’ केले, असे लोक सांगत आले. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. परंतु एका अक्षरात माणसाचा प्राण जाऊ शकतो, ही भीती दंतकथा नव्हती. कर्जरोख्यावर निशाणी करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती.

कोल्हापूर संस्थानात ह्या व्यवस्थेवर उघड घाव पडला तो राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळी. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, वंशपरंपरेने चालत आलेले कुलकर्णी वतन रद्द करून त्या जागी पगारी तलाठी नेमण्याचे धोरण धरले. ह्या दोन गोष्टींचा विचार निरनिराळा करतात, एक शिक्षणाच्या प्रकरणात आणि दुसरी जमीनमहसुलाच्या. वास्तविक दोन्हींचा रोख एकाच ठिकाणी होता: लेखणी कोणाच्या हाती असावी. लिपी सोपी असणे आणि ती सर्वांना मिळणे ह्यांत मोठे अंतर आहे. ग्रीकांची लिपी चोवीस अक्षरांची होती, म्हणून अथेन्समधील गुलाम वाचू लागला नाही. आपली वर्णमाला जगात सर्वांत शास्त्रशुद्ध, हा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती शतकानुशतके किती लोकांपर्यंत पोहोचू दिली, हाही हिशेब मांडावयास हरकत नाही.

परंतु नव्या शाळेच्या पोराच्या हाती जे पुस्तक आले ते बाळबोधीत होते, आणि ह्याचे कारण छापखान्यात शोधावे लागते. मुद्रणाने मोडीला आरंभीच नाकारले असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, आणि १८१० साली जो मराठी कोश छापला त्यातील मराठी शब्द मोडी ठशांत आहेत. लोक जे लिहितात तेच छापावे, हा त्याचा सरळ विचार. पण मोडीचा प्राण जोडण्यात, आणि शिशाच्या खिळ्याचा धर्म सुटे राहण्याचा. एका अक्षरातून दुसऱ्यात वळणारी ती रेघ खिळ्यांत ओतणे म्हणजे वाहत्या पाण्याच्या विटा पाडणे. बाळबोध अक्षरे मुळात सुटी, उभी, ठाशीव. त्यांचा आणि खिळ्यांचा संसार जमला. १८३१ सालचा मोल्सवर्थचा थोर कोश बाळबोधीत निघाला. १८३२ सालच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, त्यातील मराठी मजकूरही बाळबोधीत. पुढे मुंबईत निर्णयसागरच्या सुबक ठशांनी बाळबोधीचे ते रूप घरोघर नेले. मोडीला शिळाछापाचा आसरा राहिला, कारण दगडावर हाताचे अक्षर जसेच्या तसे उतरते. शाळेतील मोडी वाचनाची पुस्तके तशीच निघत. पण वर्तमानपत्र, कादंबरी, पंचांग, गाथा हे सारे बाळबोधीत मिळू लागल्यावर मोडी ही केवळ हाताने लिहिण्याची लिपी उरली. त्यातच बोरू जाऊन टाक आला. बोरूच्या तिरप्या कापाने जे जाड-बारीक वळण सहज उमटे, ते पोलादी निबाने उमटेना; इंग्रजी अमदानीतील मोडी पाहिली की ती थकल्यासारखी दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकविली जात होती. मग ती अभ्यासक्रमातून गळाली, आणि फारसे कोणी हळहळले नाही.

ह्याच्याशी तुर्कस्तानची तुलना उद्बोधक आहे. १९२८ साली केमाल पाशाच्या सरकारने कायदा करून अरबी लिपी टाकली आणि रोमन स्वीकारली. साक्षरता झपाट्याने वाढली, हे खरे. आणि पुढच्या पिढ्यांना आजोबांच्या थडग्यावरचा लेख वाचता येईनासा झाला, हेही खरे. तेथे निदान लोकांनी पाहिले की आपण काय टाकीत आहोत. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणे झाले. महाराष्ट्रात असा एक दिवस दाखविता येत नाही. येथे दार कोणी लावले नाही. ते वाऱ्याने हळूहळू लागत गेले, आणि आतले दप्तर आतच राहिले.

ते दप्तर थोडेथोडके नाही. पुण्याचे पेशवे दप्तर, तंजावरच्या मराठे राजांचे कागद, आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारातील करवीर संस्थानचे कागद ह्यांत मोडी मजकुराचे ढीग आहेत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा दरबारचा कारभार संपला. पण दोनशेहून अधिक वर्षांच्या कारभाराचा लेख मागे राहिला. त्यातील काही बाळबोधीत आला आहे. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापून वाट घालून दिली होती, कोल्हापुरात डॉ. आप्पासाहेब पवारांनी संपादिलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केली. मात्र छापले जाते ते राजांचे, सरदारांचे, स्वाऱ्यांचे. कोणत्या विहिरीचे पाणी कोणाच्या मळ्यास किती दिवस, कोणत्या विधवेने कोणापाशी काय गहाण टाकले, हे सांगणारा कागद संशोधकाच्या रांगेत शेवटी उभा असतो. आणि घरगुती रुमालातला तर त्या रांगेत येतच नाही. तो वाळवीला मिळतो, नाही तर रद्दीवाल्याला.

असे असता २०२३ साली ह्या विसरलेल्या लिपीला एकाएकी भाव आला. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि जन्ममृत्यूची रजिस्टरे, महसुली कागद, शाळांचे दाखले पुन्हा उघडले गेले. जुन्या नोंदी पुष्कळशा मोडीत. ‘कुणबी’ हा तीन अक्षरांचा शब्द त्या सलग ओळीत कोठे आहे, एवढे सांगणारा माणूस शोधीत लोक कचेऱ्यांच्या दारात उभे राहिले. एका शब्दावर मुलाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून. आणि तो शब्द आपल्या डोळ्यांनी ताडून पाहण्याची सोय नाही. दुसरा वाचून दाखवील तो खरा. खापरपणजाने नांगराची निशाणी केली, तेव्हा तोही असाच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा होता. मध्ये शंभर वर्षे शाळा झाली, पदव्या झाल्या, आणि ह्या एका बाबतीत घर पुन्हा त्याच पायरीवर येऊन थांबले.

लिपी पुन्हा शिकता येते, हा दिलासा मात्र खरा आहे. ब्राह्मीप्रमाणे मोडीची किल्ली हरवलेली नाही. २०१४ साली युनिकोड ह्या आंतरराष्ट्रीय अक्षरसंकेताच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले, त्यामुळे जी शिशाच्या खिळ्यांत बसली नाही ती संगणकाच्या पडद्यावर बसू लागली. मोडीचे वर्गही भरतात; त्यांत इतिहासाचे विद्यार्थी असतात, वकील असतात, निवृत्त शिक्षक असतात, आणि घरचा रुमाल उलगडून बसलेले कोणी तरी असतेच. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला अक्षरओळख होण्यास काही आठवडे पुरतात. शिवकालीन किंवा पेशवेकालीन हात सफाईने वाचण्यास वर्षे लागतात. नवशिक्याने पेशवाईपासून आरंभ न करता आजोबांच्या वेळचा, टाकाने लिहिलेला एखादा खरेदीचा कागद घ्यावा. त्यात गावाचे नाव ओळखीचे असते, आडनाव ओळखीचे असते, आणि पहिली दोन अक्षरे लागली की उरलेली त्यांच्यामागून येतात.